खडूचं झाड

"मॅडम वेणी घालतात तेव्हा दुखत नाही."

रिबीन दातात धरून रेशमा पुटपुटली. मला ऐकू जावं म्हणून नव्हे, पण तिचं डोकं माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये होतं. त्याहून जवळ कुणाचं डोकं असतं?

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

"मॅडमनी कधी घातली वेणी?"

"परवा. सुटली होती. तू सैल घातलेलीस."

म्हणजे मी सैल घातली तर सुटते, घट्ट घातली तर दुखते, आणि मॅडमची सुटतही नाही, दुखतही नाही. मी पुढचा पेड जरा जास्तच ओढला. ती स्स देखील म्हणाली नाही. नऊ वर्षांची होती, पण हट्टात माझ्यावर गेलेली.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. कारंडेवाडीच्या दोन खोल्यांच्या शाळेत मी तेव्हा पोरांचं दुपारचं जेवण शिजवायचे. चौथीपर्यंतची शाळा, अडतीस पोरं, दोन शिक्षक. एक लोहार गुरुजी, ते मुख्याध्यापक. दुसऱ्या देवकुळे मॅडम, दिवाळीनंतर बदलून आलेल्या. रेशमा चौथीत, त्यांच्याच वर्गात. तिचे वडील ट्रकवर असायचे, पंधरा दिवसांनी घरी यायचे आणि त्यातले दोन दिवस झोपायचे. म्हणजे तसं पाहिलं तर आम्ही दोघीच. दिवाळीपर्यंत तरी दोघीच होतो.

हे काम मिळालं तेव्हा गुरुजींनी विचारलं होतं, "छबूबाई, शिक्षण किती झालंय?" माझ्याआधी आलेली बाई पाचवी म्हणाली होती, म्हणून मी सातवी म्हणाले. शाळा नावाच्या इमारतीत मी पहिलं पाऊल टाकलं ते त्याच दिवशी, हे सांगायचं राहून गेलं. कागद कुणी मागितला नाही. पण स्वयंपाकाच्या पत्र्याच्या शेडबाहेर एक फळा होता. त्याच्या वर रंगानं 'आजचा आहार' असं लिहिलेलं, आणि खाली त्या दिवशी काय शिजवलं ते खडूनं लिहायचं. ते काम शिजवणारीचं. तपासायला साहेब कधी येतील याचा नेम नसायचा, त्यामुळे फळा कोरा ठेवून चालायचं नाही.

तो फळा रोज सकाळी, पोरं यायच्या आत, रेशमा लिहायची. पहिल्या दिवशी मी तिला म्हणाले, "लिही गं तेवढं, माझ्या हाताला पीठ लागलंय." दुसऱ्या दिवशीही पीठ लागलं होतं. खिचडी शिजवणाऱ्या बाईच्या हाताला रोज पीठ कुठून लागतं, हे तिनं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मी सांगायच्या आधीच तिनं खडू उचलला. त्यानंतर त्या विषयावर आमचं कधी बोलणं झालं नाही. सही तेवढी मी स्वतः करायचे. दोन अक्षरांची. एकाकडून काढून घेतली होती आणि रांगोळीसारखी घोटली होती. रेघ कुठं वळते ते हाताला माहीत, मला नाही.

आता मॅडमचं सांगते. वय असेल सव्वीस-सत्तावीस. आवाज गोड, साड्या साध्या, आणि स्वभाव असा की पोरांनी मास्तरांच्या खोड्या काढायच्या तर या बाईच पोरांच्या काढायच्या. एकदा हजेरी घेताना त्यांना रेशमा दिसेचना. रेशमा समोर उभी राहून "हजर मॅडम, हजर" म्हणतेय, आणि मॅडम काळजीनं म्हणतायत, "रेशमा कुठं गेली बरं? सकाळी तर दिसली होती. शोधा रे सगळे." सगळा वर्ग बाकाखाली, दाराआड, दप्तरात शोधतोय. संध्याकाळी भाकरी खाता खाता रेशमाला ठसका लागला, एवढी हसत होती.

"आई, शेवटी मी पण मला शोधायला लागले."

"मग सापडलीस का?" मी म्हणाले.

तिचं हसू जिरलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं. हे दोन्ही एका घासात होत होतं त्या दिवसांत.

दुसरी खोडी तर माझ्याच अंगावर आली. एके दिवशी बारा वाजले तरी शाळेतून हूं की चूं नाही. नाहीतर पाढ्यांनी पत्रा हलायचा. मला वाटलं, शाळा सोडली आणि मला कुणी सांगितलं नाही, आता अडतीस पोरांची खिचडी कुणाला घालू? पळी हातात घेऊन मी वर्गात धावले. गुरुजी त्या दिवशी मीटिंगला गेलेले, म्हणून दोन्ही खोल्यांतली पोरं मॅडमपुढं बसवलेली. बघते तर सगळी जागेवर. मॅडमनी सकाळी आल्या आल्या कुजबुजत सांगितलं होतं की आज जोरात बोललं तर भिंतीची झोपमोड होईल. तेव्हापासून सगळे कुजबुजत होते. पाढे कुजबुजत, कविता कुजबुजत. मी दारातून मोठ्यानं म्हणाले, "अगं, काय झालं काय?" तशी अडतीस बोटं अडतीस ओठांवर गेली. त्यातलं एक बोट रेशमाचं. आपल्या आईला गप्प करताना तिचे डोळे कसे चमकत होते, ते मला अजून दिसतं. त्या दिवशी मी भांडीसुद्धा न वाजवता घासली. खोटं कशाला सांगू?

तर त्या वेणीच्या आठवड्यात खडूचं झाड सुरू होतं. सोमवारी मॅडमनी वर्गाला सांगितलं, खडू संपत आलेत, आपण पेरू. झेंड्याच्या खांबाशेजारी वाफा केला, खडूचे चार तुकडे पुरले, आणि पोरांनी आपापल्या बाटलीतलं पाणी घातलं. चौथीतली पोरं, बरं का. घरी म्हशी धुणारी, शेतात कांदा लावणारी.

बुधवारी, म्हणजे ती वेणी झाली त्याच दिवशी, मी चूल पेटवायला आठ वाजता शाळेत गेले. रेशमा पाठीमागून येणार होती. बघते तर मॅडम दुधाच्या गाडीतून उतरून, पदर खोचून, वाफ्यापाशी उकिडव्या बसलेल्या. पिशवीतून कोरे लांब खडू काढले आणि जिथं तुकडे पुरले होते तिथं एकेक उभा रोवला. मग मागं सरून मान वाकडी करून बघितलं, आणि एकट्याच हसल्या. मी चिंचेमागं उभी होते. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पकडलं, असंच वाटलं. माझ्या पोरीला ही बाई फसवते, आणि आता ते मला माहीत आहे.

साडेदहाला पोरं वाफ्याभोवती गोळा झाली आणि एकच ओरडा झाला, "मॅडम, उगवलं." मॅडम धावत आल्या, तोंडावर हात ठेवला, "अगं बाई, एवढे मोठे?" मी शेडच्या दारातून बघत होते. पोरांचे डोळे मोठे, ओठ आत दाबलेले. रेशमाचेही. मला तो चेहरा नवा होता. माझ्याकडं बघताना तो तिनं कधी केला नव्हता.

संध्याकाळी घरी जाताना ओढ्याशी मी विषय काढला.

"तुमचं झाड मॅडमच लावतात, माहितीये का? सकाळी बघितलं मी. पिशवीतनं खडू काढून रोवत होत्या."

मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ते पडेल अशी माझी तयारी होती. पडलं की मी जवळ घेणार होते, हेही ठरवून ठेवलं होतं.

"माहितीये," रेशमा म्हणाली.

"काय माहितीये?"

"खडू पाण्यात विरघळतो, आई. सोमवारीच त्याचा चिखल झाला. पूनमनं काठीनं उकरून बघितलं. सगळ्यांना माहितीये."

"मग पाणी कशाला घालता? ओरडता कशाला?"

ती थांबली. लहान पोराला समजावतात तशा आवाजात म्हणाली, "मॅडमना किती मजा येते, बघितलं नाहीस? उगवल्यावर खडूकडं बघायचंच नाही. मॅडमकडं बघायचं." मग माझा हात धरला. "तू बोलू नकोस हां कुणाला. मॅडमना वाईट वाटंल."

मी हात सोडवून घेतला. ओढा ओलांडायचा होता, असं कारण होतं त्याला.

रात्रभर मला एकच गोष्ट टोचत होती. फसवणूक असती तर सोपं होतं. पण माझी पोर त्या बाईला सांभाळत होती. तिच्या हसण्यासाठी गप्प बसत होती, तेही वर्गातल्या सगळ्यांसोबत, मजेत. माझ्यासाठी ती दीड वर्षं गप्प होती, ते मला कधी आठवलं नाही. आठवायचंच नव्हतं.

गुरुवारी मी जे केलं ते सांगायला आजही जीभ अडते, पण सांगते. नियम असा होता की पोरांच्या आधी शिक्षकानं अन्नाची चव घ्यायची, अर्धा तास थांबायचं, वहीत शेरा लिहायचा, आणि मगच ताटं मांडायची. काही व्हायचंच असेल तर आधी मास्तरला व्हावं, असा सरकारचा हिशोब. ते काम मॅडमकडं होतं. मी त्यांची वाटी भरली, आणि त्या वाटीत, फक्त त्या वाटीत, मुठीतलं मीठ टाकून बोटानं ढवळलं.

मॅडम आल्या, उभ्या उभ्या पहिला घास घेतला. माझ्याकडं बघितलं. मी चुलीतलं लाकूड मागं ओढत होते. त्यांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. वाटी संपवली.

"छबूताई, मोठ्या पातेल्यातलं जरा ताटलीत देता?"

दिलं. तेही खाल्लं. मग वही घेऊन दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली, आणि वही खुंटीला लावून गेल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर माझं समाधान झालं असतं. बाईनं तेवढंही दिलं नाही.

पाच वाजता शाळा सुटल्यावर मी खुंटीवरची वही काढून रेशमापुढं धरली.

"बघ गं जरा. अक्षर लै बारीक हाय."

तिनं वाचलं. वाचायला जेवढा वेळ लागायला हवा त्याहून जास्त वेळ वहीकडं बघत राहिली.

"उत्तम, असं लिहिलंय."

"एवढंच? दोन ओळी दिसत्यात."

"दोन ओळीत उत्तम लिहिलंय."

तिनं वही मिटली, खुंटीला लावली, दोरी नीट केली. पाठ माझ्याकडं ठेवूनच म्हणाली, "आई, मॅडम आज दुपारनं सारख्या नळावर जात होत्या."

"तहान लागली असंल."

"आमची खिचडी बरोबर होती."

मी चुलीतली राख ओढायला लागले.

"उद्या फळा तू लिही," ती म्हणाली आणि दप्तर घेऊन पुढं चालायला लागली.

ते पान मी पुढं स्वतः वाचलं. त्याला दोन वर्षं जावी लागली. रेशमाची जुनी पुस्तकं समोर घेऊन, दुपारी भांडी झाल्यावर, एकेक अक्षर जुळवत मी शिकले. शेडमधल्या जुन्या वह्यांतून हीच आधी शोधली. 'मुलांच्या ताटातले अन्न पुन्हा चाखले. उत्तम.' त्यातल्या 'पुन्हा' या शब्दापाशी मी बराच वेळ बसले होते.

शुक्रवारी सकाळी रेशमा माझ्या गुडघ्यांत बसायला आली नाही. स्वतःच वेण्या घातल्या, एक कानावर, एक कानाखाली. शाळेतही माझ्याबरोबर आली खरी, पण फळ्यापाशी थांबली नाही, वर्गात जाऊन बसली.

फळ्यावर गुरुवारचं तसंच होतं. मी ओल्या फडक्यानं पुसलं. कोरा फळा एवढा मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं. हातात खडू घेतला. पहिली रेघ आडवी असते की उभी, तेही ठाऊक नव्हतं. माझी सही तेवढी येत होती. पण आजच्या आहारात छबू, असं लिहून कसं चालेल? खडू खाली ठेवला.

"मावशी, आज काय हाय?"

एव्हाना एकेक पोर यायला लागलं होतं. मागं पूनम उभी होती. रेशमाच्या वर्गातली, सोमवारी काठीनं खडू उकरणारी. एरवी ही पोर कधी विचारायची नाही.

"मटकीची आमटी."

"आन् भात?"

"भात असतोच की."

"बरं," म्हणून ती पळाली. मी बादल्या घेऊन हातपंपावर गेले. सातवीची बाई कोरा फळा ठेवून पाणी भरत होती. साहेब आले तर काय सांगायचं, गुरुजींनी विचारलं तर काय सांगायचं, एवढंच डोक्यात. पंप त्या दिवशी जड होता, की मीच वेळ लावला.

परत आले तर फळा भरलेला. निळ्या खडूनं, दोन ओळी, ठसठशीत.

मला वाटलं, विरघळली माझी पोर. तेवढ्यात ती वर्गाच्या दारात आली. तिनं फळा बघितला आणि जागीच थांबली. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या ओल्या हातांकडं, पुन्हा फळ्याकडं.

"तू लिहिलंस?"

अगदी हळू विचारलं. डोळे मोठे झालेले, ओठ आत दाबलेले नाहीत, उघडे. वाफ्यापाशी ती मॅडमकडं बघायची, त्याहून दुप्पट उजेड होता त्या तोंडावर. दिवाळीपासून मी ज्या नजरेसाठी जळत होते ती नजर माझ्यासमोर उभी होती, आणि मला फक्त मान हलवायची होती.

मी मान हलवली नाही. नाहीही म्हणाले नाही. "बादली धर," म्हणाले. तिनं बादली धरली आणि आत आणून ठेवताना तिचा खांदा माझ्या कमरेला मुद्दाम लागला.

दुपारपर्यंत मी त्या खांद्यावर जगले. मटकी शिजली, भात उतरला. मॅडम आल्या. मी वाटी भरली ती मोठ्या पातेल्यातून, त्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांनी चव घेतली, "छान झालंय," म्हणाल्या. वहीत लिहिलं. अर्ध्या तासानं पोरं ताटं घेऊन रांगेला लागली. लोहार गुरुजीही आले, ते रोज येत नसत.

"छबूबाई, आज फळा झकास दिसतोय," गुरुजी म्हणाले. म्हणताना ते शेडच्या पत्र्याकडं बघत होते.

"निळा खडू कुठला म्हणायचा हा?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या झाडाचा," पूनम म्हणाली. "आज सकाळी उगवला. एकच."

"आणि फळ्यावर कसा गेला?"

"मावशीनं लिहिलंय की," रांगेतून दोघीतिघी म्हणाल्या. "मावशी, तूच लिहिलंयस ना?"

मी पळी भातात खुपसली आणि वर बघितलं. सगळी रांग माझ्याकडं बघत होती. फळ्याकडं कुणीच नाही. डोळे मोठे, ओठ आत दाबलेले. पूनमनं ताट पुढं केलं होतं, आणि ताट धरलेली तिची बोटं निळी होती. तिच्या मागच्या पोरीच्या फ्रॉकवर निळा पंजा पुसलेला. त्याच्याही मागं एकाच्या नाकावर निळं.

एवढ्या वेळात मला सगळं कळलं. ही पोरं पहिल्या दिवसापासून जाणत होती. साहेबांसाठी लिहिलेल्या फळ्यावर जे अक्षर, तेच ती रोज शेजारी रेशमाच्या वहीत बघत होती. आज फळा कोरा राहिला, तशी त्यांनी माझ्यासाठीही एक झाड उगवलं होतं. गुरुजी पत्र्याकडं बघत होते. मॅडम रिकाम्या वाटीत बघत होत्या. सगळ्या शाळेत ही गोष्ट ठाऊक नसलेलं कुणी असलं तर ते मीच, म्हणजे इतरांना ठाऊक आहे हे ठाऊक नसलेली.

आणि रेशमा. ती रांगेत सहावी होती. एकटी तीच माझ्याकडं त्या दाबलेल्या ओठांनी बघत नव्हती. तिला खरंच वाटत होतं. तिनं अजून पूनमची बोटं बघितली नव्हती. वेण्या वरखाली, ताट छातीशी धरलेलं, आणि तोंडावर तोच सकाळचा उजेड. माझी आई लिहिते. ताटाच्या रांगेत कुणालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो उजेड ते म्हणत होता.

मी पळी खाली ठेवली. हात पदराला पुसले. हाताला पीठ नव्हतं.

"मॅडम," मी म्हणाले, पण बघत होते तिच्याकडंच. "फळा मी नाही लिहिला. कधीच नाही लिहिला. मला लिहायला-वाचायला येत नाही."